हिंगण्याच्या माळावरची शाळा : एकशे तीस वर्षांचा आढावा (१८९६–२०२६)

महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची स्थापना १४ जून १८९६ रोजी ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ या नावाने पुण्यात झाली आणि २०२६ मध्ये तिच्या कार्याला एकशे तीस वर्षे पूर्ण होत आहेत. विधवांसाठी आश्रम, अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय, स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ आणि त्यानंतर अभियांत्रिकीपर्यंतचे व्यावसायिक शिक्षण, असा या संस्थेचा प्रवास आहे. त्यातील प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या अपुरेपणातून निर्माण झालेला असल्यामुळे संस्थेचा इतिहास केवळ इमारती आणि अनुदाने यांच्या सनावळीत मांडून भागत नाही. हा इतिहास बहुधा एकट्या धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राचा भाग म्हणून सांगितला जातो. कर्वे यांचे श्रेय निर्विवाद असले, तरी आश्रमात आसऱ्याला आलेल्या स्त्रियांनीच पुढे तो आश्रम चालवला ही गोष्ट त्या मांडणीत झाकली जाते, म्हणून प्रस्तुत आढाव्यात तिच्याकडे विशेष लक्ष दिले आहे.

स्थापनेपूर्वीची परिस्थिती (१८८९–१८९६)

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती, परंतु उच्चवर्णीय समाजात बालवयात विधवा झालेल्या मुलीचे आयुष्य त्यानंतरच्या चार दशकांत फारसे बदलले नव्हते. केशवपन, म्हणजे विधवेचे केस उतरवण्याची रूढी, तसेच आलवण, म्हणजे तिने नेसावयाचे तांबडे लुगडे, आणि माहेरी किंवा सासरी आयुष्यभर स्वयंपाकघरात राबणे हेच बहुतेकींच्या वाट्याला येत असे. पंडिता रमाबाई यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले ‘शारदासदन’ हे अशा स्त्रियांना निवास आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र देणारे महत्त्वाचे स्थान ठरले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. तथापि तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा आक्षेप निघाला, १८९३ मध्ये त्यावरून मोठा वाद झाला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी सदनापासून दूर झाली. ज्या कुटुंबांना मुलीने शिकावे असे वाटत होते, पण धर्मांतराची भीतीही होती, त्यांच्यासाठी यानंतर पुण्यात सोय उरली नाही. अनाथ बालिकाश्रमाची निकड या पोकळीतून निर्माण झाली. रमाबाईंच्या कार्याचे हे ऋण संस्थेने मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

कर्वे यांचा या प्रश्नाशी संबंध केवळ विचारांचा नव्हता. मुंबईत गणिताचे शिक्षक असताना १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून, लोकमान्य टिळकांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर, ते फर्ग्युसन महाविद्यालयात आले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी शारदासदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई जोशी यांच्याशी पुनर्विवाह केला. या गोदूबाई म्हणजेच पुढे सर्वांना ‘बाया’ म्हणून परिचित झालेल्या आनंदीबाई कर्वे होत. या विवाहामुळे मुरूड या कर्वे यांच्या गावाने कुटुंबावर बहिष्कार घातला. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्वे यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. परंतु पुनर्विवाह करण्यास तयार होणाऱ्या स्त्रिया थोड्या आणि केवळ शिकून स्वतःच्या पायावर उभे राहू इच्छिणाऱ्या अनेक, हे अनुभवाने त्यांच्या ध्यानात आले.

पहिले दशक (१८९६–१९०६) : आश्रम

डॉ. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्याजवळ इमारत नव्हती, जमीन नव्हती आणि निधीही बेताचाच होता. पहिली दोन-तीन वर्षे मुख्यतः वर्गणी गोळा करण्यात गेली. कर्वे सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरत, रुपया-दोन रुपयांची वर्गणीही घेत आणि जमाखर्चाचा पैसा न् पैशाचा हिशेब वार्षिक अहवालात छापत. मोठ्या देणगीदाराची वाट न पाहता अनेकांकडून थोडे थोडे घ्यावे आणि घेतलेल्याचा हिशेब चारचौघांपुढे ठेवावा, ही पद्धत संस्थेच्या अंगी याच काळात मुरली. स्वतःची शिल्लक आणि आयुष्याचा विमा कर्वे यांनी संस्थेच्या नावे केला. घरी मुले लहान असताना घेतलेल्या या निर्णयाचे ओझे बायांनी उचलले. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रामुळे संसाराची ती बाजूही वाचकांना ठाऊक झाली आहे.

पुण्यात आश्रमाचे काम भाड्याच्या जागेत सुरू झाले, परंतु प्लेगच्या साथींमुळे शहरात मुलींना एकत्र ठेवणे धोक्याचे होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे बुद्रुक येथील सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले आणि सुमारे ५०० रुपये खर्चून त्या जागेवर झोपडी उभी राहिली. १९०० साली आश्रम तेथे गेला. त्या वेळचे हिंगणे हे शहरापासून चार मैलांवरचे खेडे होते. तेथे जाण्यास धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात चिखलातून वाट काढावी लागे. महाविद्यालयातील तास संपल्यावर आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन कर्वे पायी हिंगण्यास जात, संध्याकाळी तेथील स्त्रियांना शिकवत आणि पुन्हा पुण्यास परतत. हा क्रम एखाद्या आठवड्याचा नव्हता, तो दीर्घकाळ चालला. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामे आश्रमवासिनी आपसांत वाटून घेत आणि त्यातून उरलेल्या वेळात अक्षरओळखीपासून अभ्यास चाले. वीस-पंचवीस वर्षांची स्त्री आणि दहा वर्षांची मुलगी एकाच इयत्तेत बसल्याचे दृश्य हिंगण्यात नवलाचे नव्हते.

आश्रमाने एक धोरण सुरुवातीपासून कसोशीने पाळले. पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमातून करावयाचा नाही आणि तेथील स्त्रियांच्या व्रतवैकल्यांत व पेहरावात ढवळाढवळ करावयाची नाही, असे ते धोरण होते. सनातनी घरांनी आपल्या मुली विश्वासाने पाठवाव्यात हा त्यामागचा हेतू होता. पुनर्विवाहाच्या चळवळीतील सहकाऱ्यांना हे बोटचेपेपणाचे वाटले, तर सनातन्यांचा संशयही पूर्णपणे गेला नाही. या धोरणाची सर्वांत मोठी किंमत बायांनी मोजली. त्या स्वतः पुनर्विवाहित असल्यामुळे पतीच्या आश्रमात उघडपणे काम करण्याची मुभा त्यांना पहिल्या काळात मिळाली नाही. आज मागे वळून पाहता हे कठोर वाटते, परंतु त्या सावधपणाखेरीज आश्रमाला पहिल्या दशकात विद्यार्थिनी मिळाल्या असत्या की नाही याची शंकाच आहे. आश्रमातील प्रवेश त्या काळी मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरताच राहिला, ही त्या काळाची आणि संस्थेचीही मर्यादा होती. ती ओलांडण्यास पुढची काही दशके लागली.

याच दशकात आश्रमाला त्याच्या पहिल्या स्त्री कार्यकर्त्या लाभल्या. पार्वतीबाई आठवले, काशीबाई देवधर आणि वेणूबाई नामजोशी ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. पार्वतीबाई या बायांच्या भगिनी होत. देवरूखच्या जोशी घराण्यात १८७० मध्ये जन्मलेल्या पार्वतीबाई विसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि लहान मुलाला घेऊन माहेरी आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आश्रमाशी संबंध आल्यावर त्या शिकल्या, त्यांनी तेथील घरव्यवस्था सांभाळली आणि वर्गणीसाठी परगावी जाऊन सभांमधून बोलू लागल्या. केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक स्त्री स्त्रीशिक्षणासाठी पदर पसरते आहे, हे पाहणाऱ्यांवर त्या भाषणांइतकाच त्यांच्या रूपाचाही परिणाम होत असे. पुढे १९१२ मध्ये त्यांनी केशवपन सोडले. हा निर्णय त्यांनी स्वतः विचारपूर्वक घेतला होता आणि ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्याची हकिगत त्यांनी नोंदवली आहे.

दुसरे दशक (१९०७–१९१६) : महिला विद्यालय

आश्रमात विधवांना शिकवताना एक गोष्ट कार्यकर्त्यांना वारंवार जाणवत होती. बालविवाह होत राहतील तोवर बालविधवाही होत राहतील आणि अविवाहित मुलीला शाळेत गुंतवून ठेवता आले, तर तिचे लग्न निदान काही वर्षे तरी लांबणीवर पडेल. ४ मार्च १९०७ रोजी पुण्यात लकडी पुलाजवळच्या भाड्याच्या घरात सहा मुलींनिशी सुरू झालेल्या ‘महिला विद्यालया’मागे हा साधा, व्यावहारिक विचार होता. संस्थेची ‘शाळा’ म्हणून जी ओळख आहे तिचा आरंभ येथे होतो आणि म्हणून या शाळेचे सव्वाशेवे वर्ष २०३२ मध्ये स्वतंत्रपणे साजरे होण्यास योग्य आहे.

विद्यालयात मातृभाषा, गणित आणि इंग्रजी यांच्या जोडीला आरोग्य, बालसंगोपन आणि गृहव्यवस्था हे विषय होते. मुलांच्या शाळांचा अभ्यासक्रम मुलींवर जसाच्या तसा लादू नये असे कर्वे यांचे मत होते. स्त्रीचे कार्यक्षेत्र घर हेच गृहीत धरणारी ही भूमिका आजच्या वाचकाला अपुरी वाटेल आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ‘शिकून तिला काय नोकरी करायची आहे?’ असे उघडपणे विचारणाऱ्या पालकांपुढे त्या वेळी हाच युक्तिवाद टिकण्यासारखा होता. शिवाय बालसंगोपनासाठी म्हणून शाळेत घातलेली मुलगी इंग्रजी आणि गणितही शिकत होती, हे विसरून चालणार नाही.

विद्यालय आणि आश्रम या दोन्हींना आयुष्य वाहून घेणाऱ्या माणसांची गरज होती. त्यासाठी ४ नोव्हेंबर १९०८ रोजी ‘निष्काम कर्ममठ’ स्थापन झाला. मठ म्हणजे येथे संन्याशांचे निवासस्थान नव्हे, तर उदरनिर्वाहापुरते घेऊन बाकी सर्व शक्ती संस्थेस देण्याची शपथ घेतलेल्या स्त्री-पुरुषांचा संघ होय. हरि रामचंद्र दिवेकर, महादेव केशव गाडगीळ, गणेश महादेव चिपळूणकर आणि पार्वतीबाईंचे पुत्र नारायण महादेव आठवले यांच्यासारखे सुशिक्षित तरुण या मार्गाने संस्थेस मिळाले. पदवीधराला सरकारी नोकरीत सहज मिळू शकणाऱ्या वेतनावर पाणी सोडून ते हिंगण्याच्या माळावर राहिले. विद्यालय १९११ मध्ये हिंगण्यास हलले आणि आश्रमातील विधवा व विद्यालयातील कुमारिका एकाच परिसरात शिकू लागल्या. विधवेच्या सहवासात लग्नाच्या मुलीला ठेवण्यास कचरणारे पालक त्या काळी होतेच, तरीही विद्यालयाची पटसंख्या वाढत गेली. आश्रम, विद्यालय आणि मठ यांचा परस्परसंबंध कसा असावा, निधी वेगळा ठेवावा की एकत्र, याविषयी या वर्षांत कार्यकर्त्यांमध्ये मतभिन्नता झाली. चर्चेअंती तिन्ही कामे एका छत्राखाली आली. त्या मतभिन्नतेचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. संस्थेचे हित हा सर्वांचाच हेतू होता, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांचा पूर्ण वेळ संस्थेस मिळू लागला. दुसऱ्याच वर्षी मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका काही काळापूर्वी टपालाने त्यांच्या हाती आली होती आणि त्यांनी ती बाजूला ठेवली होती. अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना ती पुन्हा वाचली गेली आणि भारतीय स्त्रियांसाठी मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना त्यांनी डिसेंबर १९१५ च्या परिषदेत मांडली.

तिसरे दशक (१९१६–१९२६) : विद्यापीठाचे घर

विद्यापीठाच्या नियामक सभेची पहिली बैठक ३ जून १९१६ रोजी पुण्यात झाली. डॉ. भांडारकर कुलपती आणि रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले. हिंगण्यास महाविद्यालयाचा पहिला वर्ग पाच विद्यार्थिनींनिशी भरला. सरकारी मान्यता नसलेले, इंग्रजीऐवजी मराठीतून उच्च शिक्षण देणारे आणि पाच विद्यार्थिनींचे हे विद्यापीठ अनेक जाणत्यांच्या थट्टेचा विषय झाले. त्याच्या पदव्यांनाही संस्कृत नावे होती. पहिली पदवी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली आहे ती, आणि पुढची ‘प्रदेयागमा’, म्हणजे जी विद्या देण्यास पात्र झाली आहे ती. त्यांची जी. ए. आणि पी. ए. ही लघुरूपे त्या पिढीतील अनेक सुशिक्षित स्त्रियांच्या नावापुढे दिसतात. महात्मा गांधींना मातृभाषेचे माध्यम पूर्णपणे मान्य होते, मात्र इंग्रजी हा विषय आवश्यक असावा हे पटले नाही. तरीही मतभेद बाजूला ठेवून त्यांनी दरसाल दहा रुपयांची वर्गणी देऊ केली.

पैशाची चणचण मात्र दूर झाली नव्हती. पार्वतीबाई १९१८ मध्ये अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ च्या आसपास होते आणि इंग्रजी जेमतेमच येत होते. तेथे इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी जमवावा हा त्यांचा दुहेरी हेतू होता. उदरनिर्वाहासाठी त्यांनी परक्या घरांतून घरकाम केले आणि दोन वर्षांनी, १९२० मध्ये, त्या परत आल्या. आश्रमात अक्षरे गिरवलेल्या स्त्रीने संस्थेसाठी एकटीने समुद्र ओलांडावा, याहून त्या आश्रमाच्या शिक्षणाचा वेगळा पुरावा देण्याची आवश्यकता नाही.

त्याच सुमारास मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठास ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी’ हे नाव देण्यात आले. विद्यापीठाचे महाविद्यालय कालांतराने हिंगण्याहून एरंडवण्यास गेले आणि हिंगण्यास आश्रम व शाळा राहिली. एवढ्या मोठ्या देणगीनंतरही हिंगण्याच्या संस्थेचा संसार लहान वर्गणीवरच चालत होता. दिवाळीत भावाने बहिणीला घालावयाची ओवाळणी संस्थेतील बहिणींनाही मिळावी, या कल्पनेतून सुरू झालेला ‘भाऊबीज निधी’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. संस्थेचे कार्यकर्ते पावतीपुस्तके घेऊन घरोघर जातात आणि ज्याला जे जमेल ते घेतात. या निधीने संस्थेला पैशापेक्षाही अधिक काही दिले, ते म्हणजे पुण्यातील असंख्य मध्यमवर्गीय घरांशी वर्षातून एकदा होणारी गाठभेट.

चौथे आणि पाचवे दशक (१९२६–१९४६)

बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ मध्ये संमत होऊन पुढील वर्षी अमलात आला आणि त्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरवले. कायद्याची अंमलबजावणी शिथिल असली, तरी सुशिक्षित घरांमध्ये लग्नाचे वय हळूहळू वाढू लागले होते आणि माध्यमिक शाळेत मुलींची संख्या वाढण्यास अनुकूल काळ आला. महिला विद्यालय ज्या विचाराने १९०७ मध्ये सुरू झाले होते, तो विचार आता समाजानेच उचलला होता. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह हे हिंगण्याचे मोठे आकर्षण राहिले. विधवेला आसरा देणारी जागा म्हणून जिची ख्याती होती, तिच्याकडे मुलीच्या शिक्षणासाठी चांगली निवासी शाळा म्हणून पाहिले जाऊ लागले.

या पिढीतील विद्यार्थिनींमध्ये बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हिंगण्यास शिकलेल्या आणि महिला विद्यापीठाची पदवी घेतलेल्या बाळूताईंनी १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु घराच्या आणि रूढीच्या कोंडीत सापडलेल्या अविवाहित तरुणींच्या मनातील गोष्टी मराठीत इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी लिहिल्या नव्हत्या. त्या पुस्तकाने उठलेले वादळ आणि ‘ही विभावरी कोण?’ याविषयीचे कुतूहल हा मराठी साहित्याच्या इतिहासाचा भाग आहे. शाळेने मुलींना केवळ गृहव्यवस्था शिकवली, असे म्हणणाऱ्यांना हे एक पुस्तक पुरेसे उत्तर आहे.

कर्वे यांनी १९२९ पासून युरोप, अमेरिका, जपान आणि त्यानंतर आफ्रिका असा प्रवास केला आणि ज्या जपानी विद्यापीठाच्या पुस्तिकेतून आपल्या विद्यापीठाची कल्पना निघाली ते प्रत्यक्ष पाहिले. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय १९३६ मध्ये मुंबईस हलले. त्याच वर्षी कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ काढले आणि १९४४ मध्ये समता संघाची स्थापना केली. वयाच्या ऐंशीच्या घरातील ही कामे हिंगण्याच्या संस्थेची नव्हती, परंतु जातिभेदाविरुद्ध काम करणाऱ्या समता संघाचा संस्थापक आणि आपल्या आश्रमाच्या जुन्या मर्यादा जाणणारा संस्थापक एकच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संस्थेचा दैनंदिन कारभार या काळात पूर्णपणे दुसऱ्या पिढीच्या हाती होता आणि संस्थापकाच्या हयातीतच कारभार पुढच्या पिढीकडे जाण्याचे भाग्य फार थोड्या संस्थांना लाभते.

सहावे आणि सातवे दशक (१९४६–१९६६)

सुवर्णमहोत्सवाच्या पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी आता शासनानेही स्वीकारली होती, त्यामुळे केवळ विधवांसाठी आश्रम ही संस्थेची ओळख मागे पडून ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ हे नाव रूढ झाले. माध्यमिक शाळा ‘महिलाश्रम हायस्कूल’ या नावाने वाढली आणि अध्यापिकांचे शिक्षण हेही संस्थेचे महत्त्वाचे अंग बनले. खेड्यापाड्यांतून आलेली, परित्यक्ता अथवा विधवा स्त्री शाळेत शिकून शिक्षिका किंवा परिचारिका होऊन बाहेर पडावी, ही आश्रमाची जुनी वाट तशीच चालू राहिली. बदल झाला तो इतकाच की तिच्या शेजारच्या बाकावर आता सर्व जातींच्या मुली बसत होत्या.

बायांचे १९५० मध्ये निधन झाले. कर्वे यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले, तेव्हा ते स्वतः हयात होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर संस्थेने त्यांचे नाव धारण केले आणि हिंगणे बुद्रुक हा परिसरही कर्वेनगर या नावाने ओळखला जाऊ लागला.

आठव्या ते दहाव्या दशकापर्यंत (१९६६–१९९६)

या तीन दशकांत पुणे शहर पसरत हिंगण्यापर्यंत आले. ज्या माळावर जाण्यास कधी रस्ता नव्हता तेथे बससेवा, दुकाने आणि वसाहती आल्या. शहर जवळ आल्याचा लाभ शाळेला झाला तसा ताणही पडला. आसपासच्या कुटुंबांतील मुलींची दैनंदिन शाळा आणि बाहेरगावच्या गरजू मुलींचे वसतिगृह अशी दोन कामे एकाच परिसरात सांभाळावी लागली. पुण्याबाहेरही संस्थेचे कार्य पसरले होते. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी बायांच्या नावाचे वसतिगृह उभे राहिले, ही त्यांच्या उपेक्षित राहिलेल्या सहभागाची योग्य पोच होती.

या काळातील सर्वांत दूरगामी निर्णय म्हणजे १९९१ मध्ये स्थापन झालेले मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय होय. उद्योगसमूहाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयामुळे यंत्रशाळा, विद्युत परिपथ आणि संगणक हे मुलांचे विषय, ही समजूत मोडण्यास हातभार लागला. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा या भूमिकेतून निघालेल्या संस्थेने मुलांच्या अभ्यासक्रमाशी तंतोतंत जुळणारे महाविद्यालय काढावे, यात वरवर विसंगती दिसते. परंतु मुलीला त्या त्या काळी जे शिक्षण सहज मिळत नाही ते तिच्यापर्यंत नेणे, हे संस्थेचे सूत्र दोन्ही वेळी एकच होते. वेगळा अभ्यासक्रम हे साधन होते आणि गरज संपताच ते बाजूला ठेवण्याचे शहाणपण संस्थेने दाखवले. १९९४ मध्ये वास्तुविद्या महाविद्यालय सुरू झाले आणि १९९६ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली.

शताब्दीनंतर (१९९६–२०२६)

पूर्वप्राथमिक वर्गांपासून माध्यमिक शाळेपर्यंत, तसेच अभियांत्रिकी, वास्तुविद्या, परिचर्या, वस्त्ररचना व फॅशन, कला-वाणिज्य अशा विविध शाखांचे शिक्षण देणाऱ्या घटकसंस्था आज संस्थेच्या छत्राखाली काम करत आहेत. बाहेरगावच्या विद्यार्थिनींना राहण्याची सोय ही आश्रमकाळातील मूळ गरज आजही तितकीच खरी आहे. अहिल्यानगर, बीड, धाराशिव अशा जिल्ह्यांतील एखाद्या शेतकरी कुटुंबाला मुलीला पुण्यात अभियंता होण्यासाठी पाठवताना फीच्या आकड्याइतकीच ‘ती राहील कुठे?’ ही चिंता असते आणि हा प्रश्न १९०० सालच्या पालकांच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही.

शाळेपुढे मात्र नवी आव्हाने आहेत. इंग्रजी माध्यमाकडे असलेला ओढा पुण्यातील सर्वच मराठी शाळांना जाणवतो आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केलेल्या परंपरेला तो अधिकच बोचतो. व्यावसायिक महाविद्यालयांच्या लौकिकापुढे मराठी माध्यमाची शाळा आणि आश्रमाचे वसतिगृह मागे पडू नये, ही काळजी संस्थेने घेतली पाहिजे, कारण एकशे तीस वर्षांच्या या वाटचालीत इतर सर्व काही त्या दोन गोष्टींतून उगवले आहे.

संस्थेच्या पहिल्या पन्नास वर्षांतील आश्रमवासिनींपैकी फार थोड्यांची नावे आज सांगता येतात. बाकीच्या शेकडो स्त्रिया शिक्षिका, परिचारिका, सुईणी म्हणून गावोगाव पसरल्या आणि त्यांच्या आठवणी घराघरांतील जुन्या ट्रंकांमध्ये राहिल्या. ज्या कुटुंबांतील आजी-पणजी हिंगण्यास शिकल्या असतील, त्यांनी आपल्या घरातील जुनी पत्रे, प्रमाणपत्रे, छायाचित्रे, वार्षिक अहवाल किंवा भाऊबीज निधीच्या पावत्या यांच्या प्रती संस्थेकडे अवश्य पाठवाव्यात, म्हणजे २०३२ मध्ये महिला विद्यालयाच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास लिहिताना त्या स्त्रियांची नावे त्यात घालता येतील.